साष्टीच्या रानांतले हिंवाळी दिवस

कार्तिकांतलें आंवळीभोजन आतां किती घरांतून होतें, याची मोजदाद कोणी केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत तें होत असे आणि आमच्या पिढीनें तें बहुतेक सोडून दिलें, एवढें ज्याला त्याला स्वतःच्या घरावरून सांगतां येईल. पाऊस ओसरलेला, चिखल वाळलेला, उन्हें अजून कोंवळीं, अशा दिवशीं स्वयंपाकाचीं भांडीं उचलून घराबाहेर पडावें, आंवळीची पूजा करून तिच्या सांवलींत चूल मांडावी, आणि आजोबांपासून रांगत्या मुलापर्यंत सर्वांनीं एका पंगतीला बसावें, असा तो थाट. त्यांत पुण्य किती, हें शास्त्रीबोवांनीं सांगावें. पण वर्षांतून एकदां तरी सगळ्या घरानें झाडाखालीं बसलें पाहिजे, ही गोष्ट ज्यानें कोणीं धर्माच्या पोटांत घालून ठेवली, त्याला संसाराची पुरती पारख असली पाहिजे. त्यामागून धुंधुरमास येतो. सूर्य उगवतांच ऊन ऊन मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा! हिंवाळ्यांत पहांटे उठावें आणि उघड्यावर जेवावें, हें आपल्या घरांना कोणा परक्यानें शिकवावयास नको होतें. तें आपल्या घरचेंच होतें.

आज आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबें गिरगांव-दादर सोडून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें स्थिरावलीं आहेत. या उपनगरांत राहणाराला एक दौलत भाड्यावांचून मिळालेली असते, आणि तिची त्याला बहुधा वार्ताहि नसते. पश्चिमेस बोरिवली, पूर्वेस मुलुंड आणि दक्षिणेस पवई-विहार यांच्या मधोमध सुमारें १०४ चौरस किलोमीटर रान उभें आहे. सरकारी कागदोपत्रीं त्याचें नांव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्याआधीं तें बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान होतें, आणि त्याहून जुन्या पिढीच्या तोंडीं ‘कृष्णगिरि उपवन’ हें नांव होतें. ‘उद्यान’ या शब्दानें मात्र कोणी फसूं नये. झोंपाळे आणि हिरवळ हा दरवाज्याजवळचा भाग झाला; त्यापुढें जें आहे तें अस्सल अरण्य आहे. त्यांत चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे, रानडुक्कर आहे. तळ्यांत मगर आहे. आणि आपण गाढ झोंपेंत असतांना वस्तीच्या कडेकडेनें फिरून परत जाणारा बिबट्या आहे. लोकलच्या गाड्यांतून लाखों माणसें रोज या रानाच्या दोन्ही अंगांनीं जातात येतात. खिडकींतून डोंगराची ती रांग स्पष्ट दिसते. पण त्या वेळीं प्रत्येकाचें लक्ष हातांतल्या यंत्राकडे असतें.

हें रान इतक्या मोठ्या शहराच्या पोटांत शिल्लक राहिलें कसें, असा प्रश्न सुज्ञ वाचकाला पडेल. याचें श्रेय कोणाच्या वृक्षप्रेमाला नाहीं. मुंबईच्या तहानेला आहे. गेल्याच्या गेल्या शतकांत मुंबई वाढूं लागली आणि विहिरी व तळीं पुरेनाशीं झालीं, तेव्हां साष्टी बेटाच्या डोंगरांत बांध घालून पाणी अडविण्यांत आलें. विहारचा तलाव १८६० सालीं पुरा झाला, तुळशीचा १८७९ सालीं. तलावांत पाणी यावयाचें तर भोंवतालचा डोंगर झाडींनें झांकलेला पाहिजे, म्हणून तेथें वस्ती होऊं दिली नाहीं. पुढें राष्ट्रीय उद्यान झालें तें याच राखलेल्या डोंगरांच्या आधारानें. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चारहि नद्यांचे उगम याच डोंगरांत आहेत. त्यांना आज नाले म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु २६ जुलै १९०५ नव्हे, २००५ या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मिठी ही नदी आहे हें तिच्या कांठच्या प्रत्येक घराला गळ्याइतक्या पाण्यांत उभें राहून शिकावें लागलें. रान पावसाचें पाणी जिरवितें. फरसबंदी तें दुसऱ्याच्या दारांत लोटते. हा हिशेब पाठशाळेंत जावयाच्या आधीं मुलाला डोंगरावर उभें करून दाखवितां येतो.

पावसाळ्यांत हा डोंगर हिरवागार असतो, आणि लोकांची खरी गर्दी त्याच दिवसांत होते. आमचें मत विचाराल तर रान पाहावें तें हिंवाळ्यांत. पावसाळ्यांत पानांच्या भिंतीमागें कोण ओरडतो आहे हें कळत नाहीं. मार्गशीर्ष-पौषांत गवत पिवळें पडतें, सागाचीं मोठालीं पानें खालीं येऊं लागतात, फांद्यांतून आकाश दिसूं लागतें आणि पक्षी बसलेला दिसतो. वाळल्या पाचोळ्यावर सरडा धांवला तरी त्याचा आवाज येतो. पाणीहि जागोजाग उरलेलें नसतें. जें डबकें राहिलें असेल तेथें सगळ्या रानाला यावेंच लागतें. त्या डबक्यापासून वीस पावलांवर पाऊण तास स्वस्थ बसणारास जें दिसतें, तें दहा मैल पायपीट करणारास दिसत नाहीं.

शिवाय हिंवाळ्यांत पाहुणे येतात. ओढ्याच्या दगडांवर शेंपूट खालींवर नाचवीत धांवणारा पिवळ्या पोटाचा धोबी हा हिमालयाकडून आलेला असतो. माशीमार, पर्णवटवट्या, निळा कस्तूर, छपरावर शेंपटी थरथरविणारा थिरथिरा, हे सगळे त्याच सोयरिकींतले. घरच्या मंडळींत तांबट, हळद्या, टकाचोर, दयाळ, सुतार, राखी धनेश, आणि पाचोळा उलथापालथा करीत कलकल करणारे सातभाई. या सातभाईंना आमच्या घरीं ‘एकत्र कुटुंब’ म्हणतात: एकाच वेळीं सगळे बोलतात, कोणी कोणाचें ऐकत नाहीं, आणि शिक्रा आला कीं सगळे एक होतात. पवईसारख्या तळ्यावर गेलां तर काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा एक पाणपक्षी थव्यानें पोहतांना दिसेल. कपाळावर बुक्का लावावा त्या जागीं त्याला पांढरा टिळा असतो, म्हणूनच कीं काय त्याचें मराठी नांव वारकरी! अशीं नांवें ज्यांनीं ठेवलीं ते कोणी प्राध्यापक नव्हते. शेतकरी, कोळी, फांसेपारधी होते. मारुति चितमपल्ली यांनीं वनखात्यांत नोकरी करीत असतां आयुष्यभर हिंडून हीं नांवें या लोकांच्या तोंडून टिपलीं आणि पक्षिकोशांत बांधून ठेवलीं. २०२५ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली व त्याच वर्षीं ते वारले. त्यांच्या श्रमाचें चीज व्हावयाचें तर हीं नांवें आपल्या मुलांच्या तोंडांत राहिलीं पाहिजेत.

पक्षी पाहणें हा साहेबी छंद आहे, अशी एक समजूत आपल्या घरांतून अद्याप ऐकूं येते. तिला उत्तर म्हणून एवढेंच सांगतों कीं मुंबईंत १८८३ सालीं निसर्गाच्या अभ्यासासाठीं जी संस्था निघाली आणि जी आज बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी म्हणून जगभर ओळखली जाते, तिच्या मूळ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते. आत्माराम पांडुरंग हे तेच, ज्यांच्या घरीं प्रार्थनासमाजाचा जन्म झाला. आणि सखाराम अर्जुन हे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील, मुंबईकडच्या औषधी वनस्पतींचे जाणकार. याच संस्थेनें सलीम अली घडविले आणि १९४१ सालीं त्यांचें हिंदुस्थानांतील पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध केलें. तें आजहि घरोघर असावें असें आहे.

आतां आमच्या घरच्या मंडळींची एक हकीगत सांगतों. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही नऊ माणसें बोरिवलीच्या दरवाज्यानें आंत शिरलों. वडील पिढीपैकीं आमच्या आजी बरोबर होत्या, वय एकोणऐंशी. ‘मी मेली येऊन काय करूं, तुमचा खोळंबा मात्र,’ असें त्या आदल्या रात्रींपर्यंत म्हणत होत्या आणि पहांटे सर्वांच्या आधीं लुगडें नेसून तयार होत्या. नदीवरच्या पहिल्या पुलापर्यंत त्या चालल्या आणि कठड्याच्या सांवलींत बसल्या. तरुण मंडळी पुढें डोंगराकडे गेली. धाकटा नातू मागें राहिला होता, त्यानें वाळक्या झुडपाखालून लांब, बारीक, जोडीनें लोंबणाऱ्या शेंगा उचलून आणल्या.

“आजी, ही कसली शेंग?”

“अरे, हा कुडा! कडू इंद्रजव म्हणतात ते ह्याच्या पोटांत. माझ्या माहेरीं कोणाला मुरडा झाला कीं माझी आई ह्याचीच साल उगाळून द्यायची. वैशाखांत ये, पांढरीं शुभ्र फुलें असतात. झाड ओळखलंस ना? आतां विसरायचं नाहीं.”

आमच्या सूनबाई वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर आहेत. त्यांना लॅटिन नांव तत्काळ आठवलें. त्या वेलांटी-उकारांसह तें म्हणून दाखवूं शकल्या. पण झाड हेंच, अशी ओळख त्यांना त्या दिवशीं प्रथम पटली. पुढें मौज अशी झाली कीं आजींनीं तें लॅटिन नांव त्यांच्याकडून तीनदां वदवून घेतलें व घरीं येईपर्यंत पाठ केलें. एकीकडे शेंग, दुसरीकडे नांव, आणि मध्यें साठ वर्षांचें अंतर. तें त्या पुलावर दहा मिनिटांत मिटलें. दिवाणखान्यांत तें साठ वर्षें मिटलें नसतें, कारण तेथें कुडा नाहीं आणि आजींना कोणी कांहीं विचारीत नाहीं.

आजींनींच दुसरें झाड दाखविलें तें कांडोळ. हिंवाळ्यांत तो पर्णहीन होतो आणि त्याचें पांढरें-गुलाबी, कागदी सालीचें खोड उन्हांत असें चमकतें कीं रात्रीं त्याला पाहून लोक भुतें म्हणत असले तर नवल नाहीं. तिसरी ओळख करवीची. ही मनुष्याहून उंच वाढणारी झुडपें डोंगराच्या उतारावर दाट माजतात, आठव्या वर्षीं एकदम फुलतात, डोंगर जांभळा करतात आणि मग मरून जातात. या रानांत करवी २००८ सालीं, २०१६ सालीं आणि २०२४ सालीं फुलली. त्या फुलोऱ्याची वाळलेली कांडीं अजून उभीं दिसतात आणि त्यांच्या पायथ्याशीं नवीं रोपें उगवलेलीं दिसतात. याच कांड्यांच्या कुडांना माती लिंपून वारली लोकांनीं पिढ्यान्पिढ्या आपलीं घरें बांधलीं. आमच्या नातवानें बोटें मोजून सांगितलें कीं पुढच्या फुलोऱ्याला, म्हणजे २०३२ सालीं, तो दहावींत असेल. त्यावर आजी म्हणाल्या, “मग परीक्षेच्या वर्षीं जाऊं नकोस म्हणेल तुझी आई. तूं जा.”

चालण्याची हौस आणि पायांत बळ असेल त्यानें कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जावें. दरवाज्यापासून अंतर सहा-सात किलोमीटर, रस्ता पक्का, आणि ज्यांना चालवत नाहीं त्यांच्यासाठीं वाहनाची सोय असते. काळ्या बसाल्टाच्या एका अखंड डोंगरांत शंभरांवर लेणीं कोरलेलीं आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून जवळजवळ हजार वर्षें तेथें बौद्ध भिक्षूंचा राबता होता. सातवाहनांच्या काळीं कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. मोठ्या चैत्याच्या ओसरींत दोन्ही बाजूंस सात-सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ति उभ्या आहेत. हें सर्व पुस्तकांत मिळेल. गृहिणींनीं मात्र आवर्जून पाहावीं तीं तेथील पाण्याचीं टांकीं. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशीं कातळांत टांकें खोदलेलें आहे, आणि डोंगरमाथ्यावरचा पाऊस बारीक पाटांतून बरोबर त्या टांक्यांत उतरेल अशी योजना केलेली आहे. नळाला पाणी आलें नाहीं म्हणून आरडाओरडा करणाऱ्या आपल्या गृहसंस्थांच्या चिटणीसांना तेथें एकदां नेलें पाहिजे.

कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यांत पहलवी भाषेंतील कांहीं लेख आहेत. इ. स. १००९ मध्यें आणि पुन्हां १०२१ मध्यें इराणी वंशाचे पारशी लोक तेथें आले आणि त्यांनीं आपलीं व आपल्या बापांचीं नांवें तारखेसह भिंतीवर कोरून ठेवलीं. या तारखा ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांच्या आहेत. म्हणजे पाऊस संपला, उन्हें कोंवळीं झालीं कीं मंडळी जमवून या डोंगरावर यावें, ही बुद्धि हजार वर्षांपूर्वींच्या माणसांनाहि सुचत होती! त्यांच्या नांवांना आज इतिहासाचें साधन म्हणून मान आहे. आपण कोणी तसें नांव कोरूं लागलों तर दंड होतो, आणि तो झालाच पाहिजे. लेण्यांच्या कातळावर बसून खालीं पाहिलें कीं एका बाजूस रान आणि त्याच्या कांठावर लागलेल्या इमारतींच्या भिंती दिसतात. निळा कस्तूर हिंवाळ्यांत अशाच कातळाच्या टोंकावर एकटा बसलेला सांपडतो.

आतां बिबट्या. हा विषय काढला कीं घरांतल्या वडीलमाणसांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि सहल तेथेंच मोडते. म्हणून याविषयीं नीट माहिती असलेली बरी. २०१५ सालच्या गणनेंत या रानांत व त्याच्या कडेला ३५ बिबटे आढळले, २०१८ सालीं ४७, आणि अलीकडच्या गणनेंत ५४. ही गणना पाऊलखुणांवरून केलेली नाहीं. वाटेवर आपोआप छायाचित्र घेणारीं यंत्रें बांधून, आणि प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे वेगवेगळे असतात त्यावरून ओळख पटवून, ती केलेली आहे. इतके बिबटे इतक्या माणसांच्या इतक्या जवळ राहतात, आणि बहुतेक माणसांना जन्मांत एकहि दिसत नाहीं. यावरूनच तो जनावर म्हणून कसा आहे याची कल्पना यावी. त्याला माणसाचें काम नाहीं. त्याला हवें असतें तें चितळ, रानडुक्कर, आणि रानाच्या कडेला आपण टाकलेल्या उष्ट्यावर माजलेलीं मोकाट कुत्रीं. कचऱ्याचा ढीग कुत्र्यांना बोलावतो आणि कुत्रीं बिबट्याला. म्हणजे बिबट्या आमच्या दारांत आला असें आपण म्हणतों, तेव्हां आमंत्रणपत्रिका बहुधा आपल्याच हातची असते.

असें असलें तरी भीति निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. २००४ सालीं या रानाभोंवतीं माणसांवर भयंकर हल्ले झाले आणि अनेक जीव गेले. त्या पावसाळ्याच्या तोंडाशीं एकाच महिन्यांत वरचेवर माणसें मेलीं. त्याचें कारण शोधतांना एक विलक्षण गोष्ट पुढें आली. जुन्नरकडे बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांना असें आढळलें होतें कीं, एका जागीं पकडलेला बिबट्या दुसऱ्या अनोळखी मुलखांत नेऊन सोडला कीं हल्ले कमी होण्याऐवजीं वाढतात. त्याचें घर सुटतें, वाटा सुटतात, आणि पिंजऱ्यांत माणसांच्या हातीं झालेले हाल तो विसरत नसावा. या रानांतहि बाहेरचे बिबटे आणून सोडले गेले होते. पुढें तें धोरण बदललें. २०११ सालापासून वनखातें, अभ्यासक आणि नागरिक यांनीं मिळून वस्तीवस्तींत जाऊन लोकांना समजुतीच्या चार गोष्टी सांगण्याचें काम हातीं घेतलें, आणि हल्ल्यांचें प्रमाण उतरलें. तें शून्यावर आलें आहे असें मात्र समजूं नये. रानाच्या कडेच्या पाड्यांतून लहान मुलें दगावल्याच्या घटना त्यानंतरहि घडल्या आहेत. ज्यांच्या घरीं दार लावून बसण्याची सोय नाहीं, ज्यांना अंधारांत उघड्यावर जावें लागतें, धोका त्यांना आहे. दिवसाढवळ्या दहा माणसांनीं पक्क्या वाटेनें हिंडणाऱ्या तुम्हां-आम्हांला फारसा नाहीं. वारली लोक पिढ्यान्पिढ्या त्याला वाघोबा म्हणून पुजत आले. रानांत त्याचें ठाणें असतें, त्याला नारळ देतात. यांत भाबडेपणा दिसणारास दिसो. शेजारी कोण आहे हें रोज आठवणींत ठेवण्याचा तो एक उपाय आहे, असें आम्हांला वाटतें.

नियम थोडे आहेत आणि सोपे आहेत. मूल हाताच्या अंतरावर असावें, पुढें धांवूं देऊं नये. दिवस कलण्याच्या आधीं परतावें. झुडपाआड एकट्यानें वांकून बसूं नये. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळूं नये. मुलाला उचलून घ्यावें, सर्वांनीं एकत्र उभें राहावें व त्याला जावयास वाट मोकळी ठेवावी. आडवाटांना परवानगी व माहीतगार माणूस लागतो. त्याच्यावांचून शिरूं नये. वानरांना व माकडांना खाऊ देऊं नये. हें शेवटचें पाळणें सर्वांत कठिण, कारण मारुतिरायाला शेंगदाणे दिल्याचें पुण्य सोडवत नाहीं. पण आपल्या हातचें खाल्लेलें माकड दुसऱ्या दिवशीं दुसऱ्याच्या मुलाच्या हातचें हिसकावतें, आणि मग काठीचा मार त्यालाच बसतो.

डोंगर ज्यांच्यानें होत नाहीं, गुडघे ज्यांना साथ देत नाहींत, त्यांनीं पूर्वेकडच्या खाडीकडे जावें. मुलुंड, भांडुप, घाटकोपर यांच्या पलीकडे ठाण्याच्या खाडींत हिंवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ऐरोलीच्या बाजूनें नावेंत बसून ते पाहतां येतात. भरती-ओहोटीची वेळ विचारून जावें, म्हणजे फेरा फुकट जात नाहीं. लाखांच्या घरांत भरेल इतका तो समुदाय असतो, आणि सकाळच्या उन्हांत सारा चिखल गुलाबी दिसतो. हा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यांतल्या सूक्ष्म शेवाळांतून येतो. आणि तें शेवाळ या खाडींत एवढें माजतें याचें एक कारण शहराचें सांडपाणी, असें अभ्यासकांचें म्हणणें आहे. आमची घाण आणि त्यांचा गुलाबी शालू! २०१५ सालीं खाडीच्या या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ सालीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत तिची नोंद झाली. तरीहि २० मे २०२४ च्या रात्रीं घाटकोपरच्या वस्तीवर सुमारें चाळीस रोहित आकाशांतून मरून पडले. उतरत्या विमानाशीं त्यांच्या थव्याची टक्कर झाली होती. सकाळीं गच्च्यांतून आणि अंगणांतून तीं गुलाबी पिसें वेंचणाऱ्या मुलांना काय सांगावें, हा प्रश्न त्या दिवशीं तेथल्या आयांना पडला असेल.

रानाखालूनहि आतां वाटा खोदण्याचें चाललें आहे. ठाणें ते बोरिवली आणि गोरेगांव ते मुलुंड अशा दोन मार्गांचे जुळे बोगदे या डोंगरांच्या पोटांतून जावयाचे आहेत. जुलै २०२४ मध्यें त्यांचा समारंभ झाला. मुलुंडहून बोरिवलीला जावयास ज्यांना दोन दोन तास लागतात त्यांच्याशीं आम्ही भांडणार नाहीं, आणि रानावरून रस्ता जाण्यापेक्षां खालून गेलेला बरा, हेंहि मान्य करतों. परंतु बोगद्याला दोन तोंडें असतात, आणि तीं रानाच्या कडेलाच उघडतात. आरे वसाहतींत २०१९ च्या ऑक्टोबरांत एका रात्रींतून मेट्रोच्या आगारासाठीं शेंकडों झाडें पाडलीं गेलीं, तेव्हां तेथें रडणारे तरुण वर्तमानपत्रांतून आपण पाहिले. त्यांतल्या पुष्कळांनीं तीं झाडें लहानपणीं आईबापांचें बोट धरून पाहिलीं होतीं. ज्यानें झाड पाहिलेंच नाहीं, तो कशासाठीं रडेल? उद्यां एखादी सही करण्याची, मत देण्याची वा गृहसंस्थेच्या सभेंत हात वर करण्याची वेळ आली, तर तो हात कुड्याची शेंग उचललेला आहे कीं नाहीं, यावर बरेंच अवलंबून राहील.

घरांतल्या पुरुषवर्गाला एक गोष्ट बजावून ठेवतों. बायकांनीं पहांटे तीन वाजतां उठून तिखटमिठाच्या पुऱ्या तळावयाच्या, डबे भरावयाचे, मुलांना उठवावयाचें, आणि परत आल्यावर तींच भांडीं घासावयाचीं, याला वनविहार म्हणत नाहींत. याला स्वयंपाकघराचें स्थलांतर म्हणतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळीं आणि भरपूर पाणी एवढ्यांत नऊ माणसांचें उत्तम भागतें. दशम्या आदल्या रात्रींच कराव्या, आणि त्या लाटावयास घरच्या पुरुषांनीं शिकावें. आम्ही शिकलों आहों. पहिल्या वेळीं त्यांचा आकार साष्टी बेटासारखा आला, पण खावयास हरकत नव्हती. नेलेली प्रत्येक पिशवी आणि सालपट परत आणावें. कपडे मातकट वा हिरवट रंगाचे असावेत. मोबाईलवरचीं गाणीं घरीं ठेवावींत. द्विनेत्री एक असली तरी पुरे, मात्र ती प्रथम लहानांच्या हातीं द्यावी. एका मुलाकडे वही द्यावी. दिसलेला पक्षी, जागा आणि वेळ त्यानें लिहावी. आमच्या घरच्या वहींत गेल्या खेपेस तेवीस नांवें झालीं, आणि चोविसावें ‘आजींनीं पाहिलें, नांव त्यांना आठवत नाहीं’ असें आहे.

सोमवारीं उद्यान बंद असतें, हें ध्यानांत ठेवावें. रविवारीं गर्दी फार. घरांतल्या एखाद्यानें रजा काढून शुक्रवार साधला तर रान वेगळेंच दिसतें. पौष सरतांना काटेसावरीला कळ्या धरूं लागतात. माघांत जाणारांनीं पानें झडलेली आणि तांबड्या फुलांनीं लगडलेली एखादी काटेसावर गांठून सकाळीं आठाच्या आंत तिच्याखालीं उभें राहावें. मैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, भोरड्या असे सगळे त्या फुलांतला मध प्यावयास येतात. मध्येंच खारी येतात. फुलें टपटप खालीं पडतात, आणि पडलेलें फूल खावयास एखादें चितळ झाडाच्या मागच्या बाजूनें, आपल्याला न बिचकतां, हळूच पुढें येतें.